सुनेच्या नावाची मूठ

धुळे, ४ जून १९८९

ती. पुष्पावहिनींस,
कुंदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. आई डाव्या हाताने पदर सारखा करते हे वाचून इतका आनंद झाला की ड्युटीवरच्या पोरींना वाचून दाखवलं. संक्रांतीनंतर तिला अर्धांगाचा झटका आला तेव्हा वाटलं होतं, ही आता हलायची नाही. वाचा परत येईल की नाही ते सांगता येत नाही, पण हात आला हे काय कमी आहे?

तुम्ही मात्र तिला एका कुशीवर ठेवू नका. दर दोन तासांनी कूस बदला, पाठीला स्पिरिट लावा, मग पावडर. चादरीला सुरकुती राहू देऊ नका. बघा, मुलगी धुळ्यात बसून परक्यांच्या पाठी पुसते आणि घरी सुनेला पत्रातून मास्तरकी शिकवते. हसा तुम्ही. मलाच हसू येतं कधी कधी, आणि मग येत नाही.

आता मुख्य गोष्ट. पास होऊन तीन वर्षं झाली. आमच्या मेट्रनबाई म्हणतात, ‘नुसती स्टाफ नर्स राहिलीस तर इन्चार्ज होईपर्यंत केस पांढरे होतील. बी.एस्सी. नर्सिंग कर, ट्यूटर हो.’ पुण्याला दोन वर्षांचा कोर्स आहे. खात्याकडून जायचं, पगार चालू राहतो. माझं नाव वर गेलंय. पण आई पडली तेव्हा मी बदलीचाही अर्ज टाकला होता, तो तुम्हाला आठवतच असेल. काल हेडक्लार्क म्हणाले की धरणगावच्या सरकारी दवाखान्यात जागा रिकामी झाली आहे, हो म्हणालात तर महिनाभरात ऑर्डर निघेल. इतके दिवस काहीच नव्हतं, आणि आता दोन्ही दारं एकदम उघडली. पुणं सोडलं तर माझा नंबर पुन्हा कधी लागेल देव जाणे.

तुम्हीच सांगा काय करू. मला या धंद्यात ढकललं कोणी? लग्नाला सहा महिने झाले नव्हते तुमच्या, आणि नर्सिंगचा फॉर्म घेऊन आलात. नाना तेव्हा होते, म्हणाले, पाटलाची पोर लोकांची भांडी उचलणार का? तर सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर धरून तुम्ही बोललात. तुमच्या वडिलांनी तुमचा फॉर्म फाडून तुम्हाला बोहल्यावर चढवलं नसतं तर आज मेट्रनच्या खुर्चीत तुम्ही असता आणि मी तुमच्या हाताखाली. म्हणून सल्ला तुमचाच.

दादाला नमस्कार, छोट्या वर्षाला पापा.
तुमची,
कुंदा


धरणगाव, १३ जून १९८९

प्रिय कुंदाताईंस,
पुष्पाचा सप्रेम नमस्कार.

तुमच्या मास्तरकीप्रमाणे कूस बदलते. आईंना ते आवडत नाही, डाव्या हाताने मला चिमटा काढतात. म्हणजे हात चांगला सुधारला म्हणायचा.

सल्ला विचारलात. पुण्याला जा. यात विचारायचं काय? इथे येऊन काय कराल? दवाखान्यात इंजेक्शनं द्याल आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्या हातचं काम ओढून घ्याल. माझं आणि आईंचं आता बरं जमलंय. तिसरं माणूस आलं की आमची घडी विस्कटेल.

शेजारच्या सुंदरबाई मात्र रोज ओट्यावर बसून बोलतात, ‘पोर नर्स शे, आन् मायनं बठ्ठं सूनच करस!’ मी म्हणते, हो, सगळं सून करते, पण पोर नर्स आहे म्हणून तर सून शिकली. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्या कोणाबद्दल चांगलं बोलल्या असं या गल्लीत कोणी ऐकलेलं नाही.

मागच्या आठवड्यात जळगावला जाऊन आले. थोडं काम होतं. तिथे बस स्टँडवर नर्सिंगच्या मुली उभ्या होत्या, पांढऱ्या साड्या, डोक्याला टोप्या. तुम्ही पहिल्यांदा टोपी घालून घरी आलात तेव्हा आईंनी दृष्ट काढली होती ते आठवलं. बराच वेळ बघत उभी राहिले, धरणगावची गाडी चुकली.

लवकर कळवा कधी निघताय ते. शेवेचे लाडू देईन बरोबर.
तुमची,
पुष्पा


धुळे, ९ जुलै १९८९
(हे पत्र टाकलं नाही.)

वहिनी,

दादा आज येऊन गेला. जिनिंगच्या कुठल्याशा मशीनचा पार्ट घ्यायला आला होता. वॉर्डाबाहेरच्या बाकावर चहा पीत बसलो होतो. पुण्याचं सांगितलं तर हसला, ‘मस्त’ म्हणाला, आणि मग कपाकडे बघत बसला. मी खोदून विचारलं तेव्हा बोलला. ‘पुष्पाना जळगावले नंबर लागी गया. ए.एन.एम.ले. तुले सांगानं नही अशी शपथ टाकेल शे तिनी.’

म्हणजे ते ‘थोडं काम’ तुमची मुलाखत होती. दीड वर्षाचा नर्सिंगचा कोर्स, हॉस्टेलवर राहायचं. वर्षाला तुमची आई पारोळ्याला न्यायला तयार आहे. दादाचीही ना नाही. अडलंय एवढंच की आईला कोण बघणार. आणि ऑगस्टच्या आत हजर झालं नाही तर जागा दुसरीला जाणार.

दादाला मी विचारलं, तू काय म्हणतोस? म्हणाला, ‘मी काय सांगू? तू मन्ही बहीण, ती मन्ही बायको.’ चहा तसाच ठेवून स्टँडवर गेला.

वहिनी, मी धरणगावची बदली घेतली तर तुम्ही जाल. इतकं सरळ आहे. तुम्ही आठ वर्षं थांबलात, आणि मी आणखी चार-पाच वर्षं थांबू शकते. हे सगळं मला कळतं. म्हणून लिहिते, मी धरणगावला

(पत्र इथेच थांबलं आहे.)


धुळे, ९ जुलै १९८९

ती. वहिनींस,
सा. न.

तुमचा सल्ला मानला. उद्याच पुण्यासाठी होकार कळवते, बदलीचा अर्ज मागे घेते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचं आहे.

दादा आला होता. चहा झाला. घरचं सगळं ठीक आहे म्हणाला. फार काही बोलणं झालं नाही, घाईत होता.

तुमच्यासारखी वहिनी मिळायला नशीब लागतं. आईला दोन वर्षं सांभाळा, मग मी आहेच. ट्यूटर झाले की जळगाव किंवा धुळं मागून घेईन, घर जवळ राहील. सगळं तुमच्याच भरवशावर.

निघायच्या आधी येणं जमेलसं वाटत नाही. रजा शिल्लक नाही. लाडू राहू द्या.
कुंदा


धरणगाव, १८ ऑगस्ट १९८९

प्रिय कुंदाताईंस,
सप्रेम नमस्कार.

पुण्याचा पत्ता मिळाला. खोलीत तिघी आहात, जेवण गोडसर आहे, सगळं वाचलं. मिरचीचा ठेचा पाठवते.

घरी श्रावणातल्या कानबाई देवी बसल्या होत्या. आई आजारी, म्हणून भाऊबंद म्हणत होते यंदा साधंच करा, पण आईंनी डोळे वटारले. नैवेद्याच्या पुरणाच्या रोटांचे गहू काढायला मी सूप घेऊन त्यांच्या खाटेशी बसले. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. तुमच्या दादांची टाकली, आणि झालं म्हणून उठत होते, तर आई खाटेवर हात आपटायला लागल्या. मला कळेना. पाणी पाहिजे का, कूस बदलू का? तर डावी मूठ वळून माझ्यासमोर धरली आणि भिंतीवरच्या तुमच्या टोपीवाल्या फोटोकडे मान वळवली. तुमच्या नावाची मूठ. लेकींची मूठ आपल्यात कोणी टाकत नाही, सुनांची तर नाहीच. पण आईंनी टाकायला लावली. पोर कमावते, म्हणजे घरचा पुरुषच की.

आता पंचाईत अशी की रोट भाऊबंदांबाहेर द्यायचा नाही, गावाबाहेर न्यायचा नाही, टाकायचा नाही, पौर्णिमेच्या आत संपवायचा. तुम्ही तर पुण्याला. आईंना गिळताना त्रास. दादांनी आपल्या वाट्याचे कसेबसे संपवले. शेवटी तुमच्या वाट्याचे मी खाल्ले. यंदा छान झाले होते, पुरण खमंग उतरलं होतं.

अभ्यास नीट करा. आमची काळजी नको.
पुष्पा


पुणे, २० फेब्रुवारी १९९०

ती. वहिनींस,
सा. न.

खूप दिवसांनी लिहिते. रागावला असाल. अभ्यास आहे हे खरं, पण लिहायला बसलं की शब्द सुचत नाहीत हेही खरं.

आमचे आता शिकवायचे पाठ चालू आहेत. पहिल्या वर्षाच्या मुलींना एक विषय शिकवायचा, मागे बाई बसून गुण देतात. मला चिठ्ठीत ‘अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची शुश्रूषा’ आलं. वहिनी, मी पुस्तकातलं काही सांगितलंच नाही. तुमची पत्रंच सांगितली. जुन्या धोतराचे मऊ तुकडे टाचांखाली कसे ठेवायचे, जीभ वळत नसलेल्या माणसाने खाटेवर हात आपटला तर आधी त्याच्या नजरेकडे बघायचं, पेज कोणत्या कुशीवर भरवायची म्हणजे ठसका लागत नाही. मुली लिहून घेत होत्या. बाई म्हणाल्या, ‘इतका चांगला पाठ या वर्षी झाला नाही. हे कुठे शिकलीस?’

मी म्हटलं, वॉर्डात.

पाठ संपल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडले. मला माझीच लाज वाटते. का ते विचारू नका.

तुम्हाला काही हवं असेल तर सांगा. पुण्यातून काहीही पाठवीन. खरंच सांगा.
कुंदा


धरणगाव, ४ मार्च १९९०

प्रिय कुंदाताईंस,
सप्रेम नमस्कार.

पाठ चांगला झाला, मग रडायचं कशाला? तुम्ही पहिल्यापासून अशाच. दहावीला पास झालात तेव्हाही रडला होतात.

इथले डॉक्टर परवा आईंना बघून गेले. पाठ उघडून बघितली, वर्ष उलटलं तरी एक जखम नाही म्हणाले. घरात नर्स आहे का विचारलं. मी सांगितलं, आमच्या नणंदबाई आहेत, पुण्याला डिग्री करतात. मग ते तुमच्याबद्दलच विचारत राहिले. तुमचं नाव आता गावात झालं आहे.

मला काही नको. आईंसाठी रबराचं एक शीट पाठवा, इथलं फाटलं.
पुष्पा


जळगाव, २४ नोव्हेंबर १९९१

ती. वहिनींस,
सा. न.

आई गेली त्याला आता दहा महिने होतील. तेव्हा मी तेराव्यापर्यंत घरी होते, आपण दोघी एका चुलीशी बसत होतो, पण बोललो फक्त पाहुण्यांच्या भाकरींबद्दल. शेवटच्या वेळी तिच्या तोंडात पाणी तुम्ही घातलं. मी पोचले तेव्हा तुम्ही तिला आंघोळ घालून, वेणी घालून ठेवली होती. सगळ्या बाया माझ्या गळ्यात पडून रडत होत्या, लेक आली, लेक आली म्हणून. तुम्ही मागे पितळी घासत होतात.

माझी नेमणूक झाली. इथल्या नर्सिंग शाळेत ट्यूटर. ए.एन.एम.च्या मुलींना शिकवायचं. पहिल्या दिवशी वर्गात गेले, सगळ्या मुली एकदम उभ्या राहिल्या, आणि मला त्यांच्यात एक जागा रिकामी दिसायला लागली. रोज दिसते.

पुढची तुकडी जुलैत सुरू होते. वयाच्या अटीत तुम्ही बसता, पण ही शेवटचीच संधी. फॉर्म सोबत आहे. निवडीत माझा काही हात नसतो, आणि तुम्हाला त्याची गरज नाही. याच शाळेत तुमचा नंबर एकदा लागला होता.

हे मला कसं कळलं असं तुम्ही विचाराल. वहिनी, मला एक गोष्ट लिहायची आहे. दोन वर्षं लिहायची आहे. एकदा लिहायला घेतली होती, पुरी झाली नाही. त्या दिवशी दादा धुळ्याला आला होता तेव्हा...

पुन्हा हात थांबला. समोर येऊन सांगेन. तुम्ही फक्त फॉर्म भरा.
कुंदा


धरणगाव, ८ डिसेंबर १९९१

प्रिय कुंदाताईंस,
सप्रेम नमस्कार.

समोर येऊन काही सांगू नका. मला माहीत आहे.

तुमच्या दादांच्या पोटात काही राहतं का? त्याच दिवशी घरी आले, जेवले नाहीत, आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, ‘कुंदीले सांगी दिन्हं मी.’ मी त्यांच्याशी भांडले. आणि मग, कुंदाताई, मी तुमच्या पत्राची वाट बघायला लागले. पोस्टमन गल्लीत आला की उंबऱ्यापर्यंत जायची. मला वाटायचं, आता तुम्ही लिहाल, ‘वहिनी, हे काय ऐकते मी?’ तुम्ही एवढं नुसतं विचारलं असतं तरी मी तुम्हाला नाहीच म्हटलं असतं. जा पुण्याला, असंच म्हटलं असतं. पण विचारलं असतं तर.

आणि पत्र आलं ते ‘फार काही बोलणं झालं नाही’ असं. ते वाचलं आणि चुलीपुढे बसून राहिले. आईंची त्या दिवशी कूस बदलायला उशीर झाला. एकदाच झाला.

आता लिहितेच आहे तर सगळं लिहिते. सल्ला मीच दिला होता, शपथ मीच घातली होती, तेव्हा तुमच्यावर रागवायचा मला हक्क नाही, असं स्वतःला रोज समजावलं. तरी राग आला. कानबाईला आईंनी तुमच्या नावाची मूठ टाकायला लावली, आणि मी टाकली. पाठ मी पुसायची, मूठ तुमच्या नावाची. तुम्हाला लिहिलं होतं की रोट छान झाले होते. मला चव लागलीच नाही. तुमच्या वाट्याचा घासन् घास रागाने चावून खाल्ला. नंतर आईंच्या चेहऱ्याकडे बघवेना. बिचाऱ्या माझ्याकडे बघून हसत होत्या, लेकीचा वाटा सुनेने खाल्ला म्हणून. त्याची लाज मला अजून वाटते. म्हणजे लाज तुम्हाला एकटीलाच वाटते असं समजू नका.

फॉर्म भरला. दादांनी सही केली. वर्षा म्हणते, आत्या मॅडम आणि आई विद्यार्थी, मज्जाच.

नंबर लागला तर काही गोष्टी आत्ताच ठरवू. शाळेत तुम्ही मला वहिनी म्हणायचं नाही. वर्गात आलात की सगळ्यांबरोबर मीही उभी राहीन. तुम्हाला वाईट वाटेल. वाटू द्या. माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण लिहून ते होत नसतं. दीड वर्ष एका छताखाली आहोत, बघू.
पुष्पा


धरणगाव, १० ऑगस्ट १९९२

ती. वहिनींस,
सा. न.

शाळेच्या पत्त्यावर लिहिते आहे. पहिल्या सहा महिन्यांत रजा मिळत नाही हा नियम वर्गात मीच वाचून दाखवला, आणि तुम्ही पहिल्या बाकावरून ‘येस मॅडम’ म्हणालात. म्हणून कानबाईला यंदा मी आले. ट्यूटरला रजा मिळते.

घर झाडलं, चौरंग मांडला. दादाला काही सुचत नाही, वर्षाच सगळं सांगते, आई असं करते, आई तसं करते. गहू काढायला सूप घेऊन आईच्या खाटेच्या जागी बसले. दादाची मूठ टाकली. मग तुमच्या नावाची टाकली.

सुंदरबाई दारातच होत्या. म्हणाल्या, ‘सूनना नावनी मूठ? कधी आयकं नही, माय.’ मी म्हटलं, ‘आते आयका.’ त्या रागावून गेल्या, पण आरतीला परत आल्या. माझ्या नावाची मूठ यंदा टाकली नाही. मागितली ती आईने होती, आणि एकदा तुम्ही खाल्लीत तेवढी पुरे.

रोट नीट झाले नाहीत. कडा फुटल्या, दोन करपले. वर्षा हसत होती. तुमच्या वाट्याचा वेगळा काढून ठेवला. बाहेर द्यायचा नाही, टाकायचा नाही, जळगावला आणायचा नाही. दादा म्हणाला, ‘आन, मी खाई लेस, मन्ही बायको शे.’ मी म्हटलं, नाही दादा, हा मलाच खायचा आहे.

तुम्ही लिहिलं होतं तशी मलाही चव लागली नाही. पहिला घास तोंडात फिरत राहिला. पाण्याच्या घोटाबरोबर उतरवत गेले, मधेच रडू आलं तेव्हा वर्षाने पाठीवरून हात फिरवला, अगदी तुमच्यासारखा. वहिनी, पुण्याला जाऊन तुमच्या शिकण्याचा वाटा मी खाल्ला, तेव्हा मला तो इतका जड लागला नव्हता.

पौर्णिमेच्या आत संपवला. तुकडासुद्धा ठेवला नाही.
तुमची,
कुंदा